फादर, या उपवासकाळात आमच्याबरोबर सिनेमाला चला

वसईतल्या धर्मग्रामांचे फादर, पॅरिश कौन्सिलचे सभासद आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांवरचे माझे सोबती यांना,

सप्रेम नमस्कार.

उपवासकाळाचे चाळीस दिवस ज्या राखेच्या बुधवारी सुरू होतात त्याआधीच्या रविवारी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपता संपता जी सूचना वाचली जाते ती आता आम्हाला तोंडपाठ झाली आहे. मांस सोडा, दारू सोडा, गोडधोड कमी करा, लग्न-साखरपुडे पुढे ढकला, मालिका आणि सिनेमे चाळीस दिवस बंद ठेवा, वाचलेले पैसे गरिबांच्या डब्यात टाका. मग तीन-चार आठवडे गेले की त्याच माइकवरून दुसरी सूचना येते : शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये प्रभूच्या दुःखसहनावरचा सिनेमा दाखवण्यात येईल, सर्वांनी सहकुटुंब यावं. म्हणजे आपल्या लेखी सिनेमा एक तर पाप, नाही तर प्रवचन. याखेरीज तो आणखी काही असू शकेल, हे कुणाच्या गावीही नसतं.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायला ज्यांना सवड नाही त्यांचीही सोय होईल. या उपवासकाळात एकदा तरी आपल्या लोकांना घेऊन थिएटरात जा. सिनेमा असा निवडा की ज्यात येशू नाही, चर्च नाही, चमत्कार नाही. बाहेर आल्यावर चहा घेत तासभर बोलत बसा. आणि त्या तासात फादरांनी सगळ्यांच्या शेवटी बोलावं. अजिबात बोलले नाहीत तरी आमची तक्रार नाही.

हॉलमधल्या त्या सिनेमाची मी टिंगल करत नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. माझ्या पिढीचा पहिला सिनेमा तोच होता. १९७८ सालचा तेलुगू ‘करुणामयुडु’, विजयचंदर येशूच्या भूमिकेत. आपल्याकडे तो हिंदीत ‘दयासागर’ म्हणून आला. चर्चच्या मैदानात दोन बांबूंना पांढरा पडदा ताणलेला, पुढे आम्ही पोरं मातीत बसलेलो, मागे बायका बाकांवर. खिळे ठोकायला लागले की बायकांच्या पदराआडून रोझरी बाहेर यायची आणि आवाजाच्या वर त्यांची कुजबुज ऐकू यायची. कबरीवर धोंडा लोटला जायचा आणि नेमकं तिथंच रीळ संपायचं. ऑपरेटर नवं रीळ चढवेपर्यंत दहा मिनिटं अंधार. त्या अंधारात कुणी घरी जात नसे. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, ‘थांब, अजून उठायचाय तो.’ त्या बायकांच्या श्रद्धेबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही.

पण त्यानंतर जे झालं ते पाहा. आता प्रोजेक्टर आहे, स्पीकर आहेत, खुर्च्या आहेत, आणि सिनेमाही बदलले आहेत. फटके अधिक जवळून दिसतात, रक्त अधिक येतं, येशूचा चेहरा बहुतेक वेळा गोरा आणि देखणा असतो. आम्ही दोन तास रडतो आणि हलके होऊन घरी जातो. शुभवर्तमानकार लूकने हे आधीच लिहून ठेवलं आहे. क्रुसाखाली लोक बघत उभे होते, असं तो म्हणतो. आणि पुढे, तो देखावा बघायला जमलेले लोक ऊर बडवत परत गेले, असंही. शुभवर्तमानात प्रेक्षक आहेत, फादर. लूकने त्यांना वाईट ठरवलेलं नाही. त्यांनी नुसतं पाहिलं, ऊर बडवला आणि घरचा रस्ता धरला. हॉलमधून निघताना मला दर वर्षी तीच ओळ आठवते.

येशूवरच्या सिनेमाचं आपल्या मुंबईशी एक जुनं नातं आहे, आणि ते आपण फार सोयीस्कर रीतीने सांगतो. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक परदेशी मूकपट पाहिला. पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत त्यांनी स्वतःच ती हकिगत सांगितली आहे. पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. त्यांनी पुन्हा तिकीट काढून तोच पट परत पाहिला. मग विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून त्यांनी लंडन गाठलं, कॅमेरा आणला, पत्नी सरस्वतीबाईंनी घरच्या युनिटचा स्वयंपाक करता करता फिल्म धुण्याचं कामही उचललं, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

ही गोष्ट आपल्या व्यासपीठांवरून सांगताना शेवट ठरलेला असतो : ‘बघा, भारतीय सिनेमाचा जन्म प्रभूच्या चित्रपटातून झाला!’ टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या पटत नाहीत. फाळक्यांनी येशूला पाहिलं आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी येशूला पाहिलं आणि दिलेल्या शब्दासाठी राज्य, बायको, पोर सगळं सोडणाऱ्या एका राजाची गोष्ट सांगायला घेतली. पेरणाऱ्याच्या हातून बी भलत्याच शेतात पडलं आणि तिथं त्या मातीचं पीक आलं. यात आपण मिरवावं असं काही नाही, पण शिकण्यासारखं पुष्कळ आहे. गोष्ट एकदा प्रेक्षकांत गेली की ती सांगणाऱ्याच्या मालकीची राहत नाही. हॉलमधल्या सिनेमानंतर लगेच माइक हातात घेऊन ‘यातून आपण काय बोध घ्यायचा’ हे सांगणाऱ्या प्रत्येकाने फाळक्यांची आठवण ठेवावी.

गोष्ट सांगण्यात आपलं चर्च कधी मागे नव्हतं. फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यातल्या राचोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, तेही जवळपास अकरा हजार ओव्यांचं, इथल्या लोकांच्या कानाला सवय होती त्या घाटात. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन आपलंसं केलं. रेव्हरंड टिळक ‘ख्रिस्तायन’ लिहायला बसले. आपल्या वसईत नाताळची नाटुकली, पवित्र आठवड्यातली गाणी, सगळं आहे. सांगायचं म्हटलं की आम्हाला हजार वाटा सापडतात. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट, आपलं नाव तिच्यात नसताना, शेवटपर्यंत गप्प बसून ऐकायची सवय मात्र आम्हाला कुणी लावली नाही. थिएटर ती लावतं. दिवे गेले की तिथं फादर आणि बाप्तिस्मा झालेलं कालचं पोर दोघेही सारखेच.

आता तुम्ही म्हणाल, ज्या सिनेमात देवाचं नाव नाही त्याचा श्रद्धेशी काय संबंध? मग प्रभूचे दाखले काढून बघा. पेरायला निघालेला शेतकरी, पिठात खमीर कालवणारी बाई, एक नाणं हरवलं म्हणून दिवा लावून घर झाडणारी दुसरी बाई, हिशोबात गडबड करणारा कारभारी, संध्याकाळी पाचला कामाला लागून दिवसभराची मजुरी घेऊन जाणारे मजूर. या गोष्टींत देव कुठे आहे? नावानं तर नाहीच. मंदिर एखाद्याच गोष्टीत येतं, आणि तिथं धार्मिक माणसाची फजिती होते. यरीहोच्या वाटेवर मार खाऊन पडलेल्या माणसाला ओलांडून पुढे गेलेले पहिले दोघे, एक याजक आणि एक लेवी, मंदिराचीच माणसं होती, हे फादरांना मी सांगायला नको.

त्यातही मला सगळ्यांत आवडतो तो उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा शेवट. आपली वाटणी उधळून धाकटा परत आला, वासरू कापलं, गाणीबजावणी सुरू झाली, आणि थोरला बाहेर अंगणात रुसून उभा आहे. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. पुढे? पुढे काही नाही. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. आज एखाद्या दिग्दर्शकाने असा शेवट केला तर बाहेर येताना निम्मे लोक म्हणतील, ‘अर्धवट काढलाय.’ आणि उरलेले निम्मे घरापर्यंत त्याच थोरल्याबद्दल बोलत जातील. प्रभूने गोष्ट सांगून संपल्यावर कित्येकदा प्रश्न टाकला आहे. यरीहोच्या वाटेच्या त्या गोष्टीनंतर त्याने विचारलं, ‘तुला काय वाटतं, या तिघांत शेजारी कोण ठरला?’ उत्तर ऐकणाऱ्याने द्यायचं.

एक उदाहरण देते, मराठीतलंच. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ च्या फेब्रुवारीत थिएटरात लागला. आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, पण उपवासकाळाच्या चष्म्यातून पाहिला असेल असं वाटत नाही. कैकाडी समाजातला शाळकरी पोरगा जब्या. गावातली डुकरं धरायचं काम त्याच्या घरावर येतं. शाळेजवळच ती धरपकड चालते, शाळेतली पोरंपोरी, जिच्यावर त्याचा जीव आहे ती मुलगी, सगळे मजेत बघायला जमतात, टाळ्या पिटतात, चिडवतात. मी ज्या खेळाला होते तिथं पहिली काही मिनिटं थिएटरही हसत होतं. चिखलात घसरणारी माणसं, हातातून निसटणारं डुक्कर, हसायला काय लागतं? मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या, त्याचा बाप, सगळे जागच्या जागी ताठ उभे. आमच्या रांगेतले काही जण सवयीने उठले, काही अर्धवट उठून पुन्हा बसले, आणि पडद्यावर डुक्कर आरामात निघून गेलं. त्यानंतर हसणं हळूहळू थांबलं. शेवटी डुक्कर बांबूला टांगून जब्या आणि त्याच्या घरची माणसं निघतात, मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, गाडगेबाबा यांची चित्रं. पोरं पाठोपाठ चिडवत येतात. जब्या धोंडा उचलतो, फेकतो. शेवटचा धोंडा सरळ कॅमेऱ्याकडे येतो. म्हणजे आमच्याकडे. पडदा काळा.

दुसऱ्या दिवशी नव्हे, त्यानंतरच्या शुक्रवारी मी चर्चमध्ये क्रुसाची वाट चालत होते. प्रभूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं. प्रत्येक स्थानापाशी आपण कुणाच्या बाजूने उभे असतो? त्याचा चेहरा पुसणाऱ्या वेरोनिकाच्या. त्याचा क्रूस उचलणाऱ्या सिमोनच्या. रडणाऱ्या यरुशलेमच्या बायकांच्या. गर्दीत आपण कधीच नसतो. वर्षानुवर्षं त्या वाटेवर चालून गर्दीतली जागा मला कुणी दाखवली नव्हती. ती एका सिनेमाने दाखवली, ज्यात येशूचं नावही नाही.

आणि गोष्ट तिथं थांबत नाही, कारण ती आपल्या अंगणात येते. ज्या जनावराला हात लावला म्हणून जब्या खालचा ठरतो, तेच आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लग्नाला आणि सणाला कौतुकाने शिजतं. तेव्हा ते धरून आणणारा, कापणारा माणूस कोण आणि तो पंगतीला कुठे बसतो, हे कुणी पाहिलं आहे का? दलित जातीतून ख्रिस्ती झालेल्या माणसाला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, याबद्दल आपण मोर्चे काढतो, आणि काढायलाच हवेत. पण सोयरीक जमवताना ‘मुलगा कॅथलिक आहे ना?’ या प्रश्नानंतर लगेच ‘पण आपल्यातला आहे ना?’ हा दुसरा प्रश्न येतो. कुपारी, वाडवळ, कोळी, आदिवासी, ईस्ट इंडियन : एका पवित्र पाण्यात भिजलेली ही मंडळी एकमेकांच्या घरात किती येतात-जातात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्रवचनात हा विषय काढला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पॅरिश ऑफिसात तक्रार घेऊन येतं. तो धोंडा सिनेमातून आला तर तक्रार कुणाकडे करणार?

दुसरं उदाहरण एकदम वेगळ्या चवीचं आहे. पोप फ्रान्सिस यांचा एक आवडता सिनेमा होता, ‘बाबेट्स फीस्ट’ नावाचा, १९८७ सालचा, डेन्मार्कचा. २०१६ च्या ‘आमोरिस लेतिसिया’ या कुटुंबावरच्या दस्तऐवजात त्यांनी त्यातल्या बाबेटचा उल्लेखही केला आहे. समुद्रकाठचं एक उदास गाव, देवभीरू पण एकमेकांशी जुनी भांडणं उकरणारी म्हातारी माणसं, आणि त्यांची सेवा करणाऱ्या दोन अविवाहित बहिणी. पॅरिसमधल्या दंगलीतून जीव वाचवून आलेली बाबेट त्यांच्याकडे वर्षानुवर्षं स्वयंपाक करते, वाळवलेले मासे आणि पाव उकडून. एक दिवस तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते. ती ते सगळेच्या सगळे पैसे एका रात्रीच्या जेवणावर उधळते. मंडळी आधीच आपसांत ठरवून बसतात की जेवणाबद्दल एक अक्षर काढायचं नाही, चव घ्यायची नाही, कारण चव म्हणजे मोह. आणि मग एकेक घास, एकेक पेला जातो, चेहरे सैल होतात, वर्षानुवर्षं न बोललेली दोन माणसं एकमेकांना माफ करतात. ताटांवर बारा जण आहेत, प्रभूच्या शेवटच्या भोजनातल्या शिष्यांइतके. कुणी बारा मोजून दाखवत नाही.

हा मी आमच्या घरी लॅपटॉपवर लावला होता, सासूबाई आणि वाडीतल्या दोन-चार जणी बसल्या होत्या. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगत होते. कासव स्वयंपाकघरात आलं तेव्हा सगळ्या किंचाळल्या. लावे शिजताना बघून एकीने मसाला कुठला घातला असेल यावर मला सिनेमा थांबवायला लावला. शेवटी बाबेट सांगते की सगळे पैसे संपले. सासूबाई चिडल्या. ‘सगळे? एका जेवणात? त्यात दोन गरिबांची घरं उभी राहिली असती.’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शेजारच्या मावशी, ज्यांना वाचता येत नाही आणि ज्यांनी आयुष्यात चर्चच्या कुठल्याही सभेत तोंड उघडलेलं नाही, म्हणाल्या, ‘हे तर यहूदा बोलला होता. तेलाच्या बाटलीवरून.’

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. बेथानीत मरीयेने महागडं सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतलं तेव्हा पुढे प्रभूला धरून देणारा यहूदाच म्हणाला होता की हे तीनशे नाण्यांना विकून गरिबांना देता आलं असतं. सासूबाईंनी मावशींकडे पाहिलं, मग हसत सुटल्या. ‘मला यहूदा केलीस काय गं!’ त्यानंतर त्या दोघी लग्नाच्या जेवणावर, कर्जावर, उधळपट्टी कुठली आणि ओवाळणी कुठली यावर तासभर बोलत होत्या. योहानाच्या शुभवर्तमानातल्या त्या बाराव्या अध्यायावर मी इतकं चांगलं प्रवचन ऐकलेलं नाही, आणि प्रवचनं मी भरपूर ऐकली आहेत.

काहींना शंका येईल की रोमला हे चालेल का. रोम आपल्या पॅरिश कौन्सिलच्या पुष्कळ पुढे आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ मध्ये सिनेमावर ‘विजिलांती कुरा’ हे परिपत्रक काढलं. त्यात धोक्याची घंटा मोठी होती, तरी सिनेमा चांगल्याचं साधन होऊ शकतो हेही होतं. सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनच्या संपर्क माध्यमांच्या परिषदेने पंचेचाळीस सिनेमांची यादी काढली : धर्म, मूल्यं आणि कला, प्रत्येकात पंधरा. मूल्यांच्या यादीत रिचर्ड अॅटनबरोंचा ‘गांधी’ आहे. धर्माच्या यादीत इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा १९६४ चा सिनेमा आहे. पासोलिनी मार्क्सवादी, देव न मानणारा, त्याने संवाद मात्र मत्तयातून जसेच्या तसे घेतले, नट म्हणून साधी माणसं घेतली आणि सिनेमा पोप तेविसाव्या जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केला.

त्या यादीतलं माझं आवडतं नाव मात्र ‘बायसिकल थीव्ह्ज’, हाही इटालियनच. चोरीला गेलेली सायकल शोधणारा अंतोनिओ एका म्हाताऱ्याच्या मागे चर्चमध्ये शिरतो. तिथं सुखवस्तू मंडळी गरिबांची दाढी करून देत असतात आणि मिस्सा ऐकल्यावर सूप मिळणार असतं. अंतोनिओ कळवळून विचारतोय, आणि ती भली माणसं त्याला गप्प बसायला सांगताहेत, कारण उपासना चालली आहे. हा प्रसंग चर्चची शोभा वाढवणारा नाही. तरी व्हॅटिकनने हा सिनेमा यादीत घातला. आपल्या एखाद्या चर्चवर कुणी असा प्रसंग चित्रित केला असता तर आपण काय केलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. निवेदन, मग मोर्चा.

मोर्च्यांबद्दल एवढंच. २००६ साली येशूचं लग्न झालं होतं असं सांगणारा ‘दा विंची कोड’ आला तेव्हा मुंबईत निदर्शनं झाली, काही राज्यांनी बंदी घातली, सेन्सॉरने ‘ए’ प्रमाणपत्र देऊन ‘ही काल्पनिक कथा आहे’ अशी पाटी लावायला सांगितली. हिंदी सिनेमातला प्रत्येक दारुडा अँथनी आणि प्रत्येक नाचणारी मेरी, याचाही राग येतो आणि तो खोटा नाही. पण सिनेमाशी आपलं बोलणं वर्षभरात फक्त रागावल्यावरच होणार असेल, तर समोरच्याने आपलं का ऐकावं? फ्रान्समध्ये कान महोत्सवात १९७४ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परीक्षक एकत्र बसून एका सिनेमाला पुरस्कार देतात. आपल्याकडे एकत्र सिनेमा बघायला पंथ वेगळे असण्याचीही अडचण नाही, सगळे एकाच धर्मग्रामातले आहेत.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. पालक विचारतील, काय दाखवणार? सेन्सॉर बोर्डाने आता यूए, म्हणजे पालकांच्या देखरेखीत बघायच्या सिनेमांमध्येही ७+, १३+, १६+ असे टप्पे केले आहेत. दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या, वर्गातली मुलं असतील तर तेवढं बघून निवडता येतं. खरं सांगायचं तर ती मुलं फोनवर आपल्याआधी सगळं पाहून मोकळी झालेली असतात. एकटी, कानात इयरफोन घालून. आपण फक्त त्यांच्या शेजारी येऊन बसायचं आहे.

कुणी म्हणेल, थिएटरात कशाला, पेन ड्राइव्हवर आणून हॉलमध्येच लावू. तर फादर, दुखवायचा हेतू नाही, पण उतरवून घेतलेली फाइल परवानगीशिवाय जाहीर लावणं कायद्यात बसत नाही, आणि ते ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेतही बसत नाही. दुःखसहनाचा सिनेमाही त्याच पेन ड्राइव्हवर येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिकीट काढून गेलेलं बरं. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळचा खेळ स्वस्त पडतो, पण कामावर जाणाऱ्यांना जमत नाही. म्हणून रविवारचा दुपारचा धरावा. ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांचं गरिबांच्या डब्यातून काढलं तर त्या डब्याचा अपमान होईल असं मला तरी वाटत नाही. सासूबाईंना मात्र आधी विचारून घेईन.

सिनेमा फादरांनी निवडू नये, आणि मीही नाही. युवकांना निवडू द्या. वाईट निवडला तरी चालेल, वाईट सिनेमावरही छान बोलता येतं. बाहेर आल्यावर पहिली पाच मिनिटं कुणी काही विचारू नये. मग ‘बोध काय’ असं विचारण्याऐवजी, कुणाचा राग आला, कुणाच्या जागी आपण होतो, कुठे नजर वळवावीशी वाटली, असलं काहीतरी विचारावं. हात पसरून उभ्या राहिलेल्या प्रत्येक नटात ख्रिस्त शोधायचा खेळ तर मुळीच नको, धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही तो फार खेळतो आणि मुलांना त्याचा कंटाळा आला आहे. कुणी म्हणालं की मला सिनेमा आवडला नाही, झोप आली, तर तेही ऐकून घ्यावं. थोरला भाऊ आत गेला असेल का, हा प्रश्न आम्ही अजून एकत्र बसून कधी बोललो नाही. एखाद्या वेळी बोलता बोलता तोही निघेल.

फादर साध्या शर्टात आले तर बरं, नाही तर आजूबाजूचे लोक सिनेमा सोडून तुमच्याकडेच बघत बसतात. बसायला मधली रांग घ्या, मावशींच्या शेजारची. तिकिटांचं आणि चहाचं मी बघते, नावं मिस्सानंतर दाराशी लिहून घेईन. फक्त शुक्रवार सोडून कुठलाही दिवस कळवा, शुक्रवारी क्रुसाची वाट असते.

आपली नम्र,
वसईतल्या एका धर्मग्रामातली धर्मशिक्षिका